मागल्या खोलीतलं मशीन

—न्हाय न्हाय, तिकडं न्हाय पावणं, त्या डबीचं काय दुखणं न्हाय. तिच्यावरचे दिवे बघा की, सगळे लागल्यात, आणि आमच्या बसवेशचं नेट एकदम झकास चालतंय, सकाळी दुकानात जायच्या आदी क्रिकेटचं काय ते बघत बसला हुता. मेलंय ते मागल्या खोलीतलं मशीन. या हिकडं. आवाज जरा बारीक ठेवा, मधल्या खोलीत मालक पडल्यात – तसं काय न्हाय म्हणा, कान मंद झाल्यात त्यांचं, ढोल वाजिवला तरी कूस बदलायचं न्हाईत. हे बघा. सर्व्हर म्हणत्यात ह्येला. मी पेटीच म्हणती. चालू हाय, घरघर करतंय, पडदा लागतोय, पण भाईरनं आत काय येत न्हाय. श्रावण सरला तवापस्नं हे असंच. कशाला लागतंय? दुकानाला की! शाहूपुरीत गुळाची अडत हाय आमची, मालकांनी उभी केली, आता ल्योक बघतोय, त्याचा सगळा हिसाब ह्यात असतोय – हां, बसा, ती खुर्ची घ्या.

काय म्हणलासा? हिसाबाचं काय दिसत न्हाय ह्यात? बरी बारीक नजर हाय तुमची. हुतं आदी. आता दुकानात दुसरं कॉम्प्युटर घेतलंय, त्याचं त्याला. ह्यो जुना आपला घरात ऱ्हायला. बसवेश भंगारात घालतो म्हणत हुता, मी म्हणलं असू दे बाबा, त्याच्यात तुज्या लग्नाचं फोटो हायत, दुपारच्याला बघत बसती. म्हातारीला काय दुसरं काम? – मग लग्नाच्या फोटोला नेट कशाला, व्हय? तुमी वायर बघायला आलासा का माजी झडती घ्यायला? बघा, आपलं काम बघा.

ती वायर तुमची हाय काय? तुमचीच एक नवी, इकडनं तिकडनं डायरेक लावून बघतासा? बघा बघा. – लागला! हिरवा दिवा लागला! मजी मशीन बरं हाय, डबी बरी हाय, मधली आमची वायरच गेली, असंच न्हवं? काढलासा लगेच तुमची? बरं. बसवेश म्हणत हुता कार्ड जळालंय, आता उपेग न्हाय, टाकून देऊ. बघा म्हणजे. त्याला निमित्तच पायजे हुतं – अवो ते उघडू नका! त्याला हात लावू नका म्हणती न्हवं – उघडलासा.

ऱ्हाऊ दे. उघडलं तर उघडलं. न्हाय, शेजारचं न्हाय. नातू हाय माजा. पडद्यावरला.

बसवेशचं न्हाय. लेकीचं. शांभवी आमची. हे मशीन तिनंच बसिवलंय, हितल्याच कॉलेजात कॉम्प्युटरची इंजिनेर झाली, पयली आली हुती, पेपरात नाव आलतं तवा मालक पेढं घेऊन सगळ्या मार्केट यार्डात हिंडल्यात. दुकानातला हिसाब घरात बसून दिसावा म्हणून तिनं ही वायर घरभर स्वतः वढली, स्टुलावर उभी ऱ्हाऊन, तोंडात खिळं धरून. सुतारागत. मालक खाली स्टूल धरून उभं. आणि तीच पोरगी मग बंगळूरला नोकरीला गेली नि तितं लगीन करून बसली. कोण? असंल कोणतरी. तिच्याच हापिसातला. हितलाच मूळचा, कोल्हापूरचाच, बंगळूरला जाऊन गाठ पडायची हुती. प्रसेनजीत नाव. मग आता समजून घ्या की काय ते. आमी लिंगायत. भाईरच्या खोलीत बसवण्णांचा एवढा मोठा फोटो बघितलासा न्हवं, रोज हार असतोय त्याला, त्यो हार मालक स्वतः घालत्यात – आणि त्याच फोटोच्या खाली उभं ऱ्हाऊन, सगळं पै-पावणं गोळा करून म्हणाले, मला लेक न्हवती. झालं की. न्हवती म्हणल्यावर न्हवती. तिचं कपाट रिकामं केलं, फोनवर तिचा आवाज आला की बसवेश खाली आपटतोय. आणि मीबी काय लई पुढारलेली न्हाय बरं का, मीबी तवा म्हणलं हुतं, माणसं बघावीत, घर बघावं, त्या लोकांत जाऊन – तुमी आडनाव न्हाई सांगितलासा, पावणं. उचगावचं म्हणलासा. उचगावचं कोण?

कांबळे.

असू दे. असू दे की. मी काय म्हणलं न्हाय तुमाला. मजी जावायाच्याच – मजी त्याच्याच माणसांतलं म्हणायचं तुमी. बघा, तोंडातनं जावाय आलं, आजवर कवा आलं न्हाय. च्या ठेवती. न्हाय, घ्यायचाच. आमच्याच कपात. कपाचं काय असतंय, कप धुतला की झालं – तसं न्हाय ओ, सगळंच कप धुतोय आमी, तुमचा वायला न्हाय. आता माजं कायबी वाकडंच निघाय लागलंय. ऱ्हाऊ दे, तुमाला राग आला असंल तर आला. मलाबी लई जणांचा येतोय.

तर ती शेवटची आली तवा कपडं न्यायला आलती. बसवेश दारात उभा, घड्याळ बघत. तर ती ह्या खोलीत आली, मशीनचं काय काय टकटक केलं आणि मला हळू म्हणली, आव्वा, हे कवा बंद करू नको. पडद्यावरल्या ह्या खान्यात रोज बघत जा. एवढंच. मी म्हणलं बोडक्याचं मशीन, बाप जिता मारून चाललीयास आणि मला मशीन शिकिवतीस. कपड्यांची पिशवी उचलली नि गेली. मग लई दिवसांनी एक दुपारी पुसायला म्हणून आलो आमी हितं, मी आणि फडकं, तर खान्यात तिचा फोटो. दवाखान्यातली. पोटावर हात. मग पुढं पोर. तांबडं, मुठी आवळल्याली. मग रोज एक. न्हाणीत, पाळण्यात, बापाच्या खांद्यावर. ती तिथनं धाडती, हितं आपसूक येऊन पडतंय. ना बोलणं, ना चालणं. मला तिकडं काय धाडायचं ते येत न्हाय. पोराचं नाव काय ठेवलंय ते बी ठावं न्हाय मला. फोटोच्या खाली नुसतं आकडं असत्यात. मीच मनानं एक ठेवलंय. न्हाय, ते न्हाय सांगायची.

आणि आता हे बंद. तिचं तिकडं अडकत असंल न्हवं? जात न्हाय असं दिसत असंल तिला? दिसतंयच. मग तिला काय वाटलं असंल सांगा? आव्वानं बटण दाबलं. बाप गेला, भाऊ गेला, आता आव्वानंबी तोडलं. हे वाटलं असंल. मला ह्याचीच आग हाय, फोटो गेलं खड्ड्यात. मी न केल्यालं पाप माज्या नावावर. बसवेशचंच काम हे, मी लिहून देती. मालकांचं न्हाय, त्या माणसाला मशीनचं बटण कुठं असतंय ते ठावं न्हाय. आणि मनानं मऊ हाईत ते. रागाच्या भरात बोलून बसल्यात, आता गिळतात एकट्यानंच.

चला, बघा वायर कुठनं जाती ते. मधल्या खोलीतनंच जाती. या. हळू. ह्या भिंतीनं, असं, कॉटच्या मागनं. वाका तुमी, घाबरू नका, उठायचं न्हाईत. ह्या कॉटला कोण हात लावत न्हाय म्हणून कचरा साठलाय मागं, मला झाडूबी घालू देत न्हाईत. सापडलं? उंदीरच असंल. न्हाय? बघू. – सरळ तुटलीया. व्हय, उंदरानं खाल्ली की चघळल्यागत दिसती. ही कापलीया. बघा, म्हणलं न्हवं मी, बसवेशच. घरातल्या घरात, आईच्या जिवावर –

पण बसवेश हितं कवा शिरला? दिवसभर दुकानात. रात्री मालक हितंच.

अवो. डोळं उघडं हायत तुमचं. कवापस्नं उघडं हायत? – थांबा पावणं, जाऊ नका, धरून ठेवा ती वायर. – मी काय इचारती, तुमी कापलासा? मान हलवू नका, तोंडानं बोला. ऐकू येतंय तुमाला, चांगलं ऐकू येतंय, मघापस्नं सगळं ऐकलायसा. कापलासा? – काय? मोठ्यानं. – मी एकटीच बघती? – माज्या मागं, त्या खोलीच्या दारात? कवा उभं ऱ्हायलासा? रोज? – माजं डोस्कं मधी येत हुतं? दिसत न्हवतं तुमाला, म्हणून?

ऐकलासा पावणं? माजं डोस्कं मधी येत हुतं, म्हणून वायर कापली. वा. मागायचं हुतं की. सरक म्हणायचं हुतं. एक शब्द. पै-पावण्यांच्या म्होरं एवढं मोठं तोंड उघडलं, बायकोच्या म्होरं उघडंना? लेक न्हवती म्हणायला जीभ हुती, आणि नातू दाव म्हणायला कातर? आणि मी येडी सगळ्या गावाला सांगती, मालक मऊ हाईत! बसवेशला शिव्या घातल्या, पोराशी धड बोलली न्हाय मी एवढं दिवस, त्याच्या ताटात रागानं वाढलं. बघा, रडाय लागले. रडा. माज्या डोळ्याला पाणी येत न्हाय आता, दुपारी दुपारी नवं काय न येणाऱ्या त्या खान्याकडं बघून सगळं आटलंय.

जोडा, पावणं. हितंच बसून जोडा, त्यांच्या उशाला. बघू देत कोण जोडतंय ते. आणि अवो, हे उचगावचं कांबळे. कांबळे. आता ऐकू आलं न्हवं?

झालं? चला बघू. – लागला दिवा. खानं उघडा. काय न्हाय की. तेच जुनं. थांबू? किती थांबू? थांबवलंच असंल तिनं धाडायचं, कोण कुणासाठी – आलं. अगं बया, आलं. आणि एक. धाडत हुती मजी रोज, आपटून परत जात हुतं तरी. ह्यो बघा – उभा हाय! काय धरलं न्हाय हातात, मोकळा उभा हाय. शेवटचा बघितला तवा बसत हुता नुसता, उशा लावून. उभा कवा ऱ्हायला? पयलं पाऊल कवा टाकलं? ते गेलं. ते कुठल्या वायरीतनं येणार आता?

उठलासा? च्या ऱ्हायला तुमचा. न्हाय, आज नको, परत या, खरंच या, दार उघडं असतंय. ती खुर्ची टेबलाखाली ढकलू नका. असू दे अशीच, माज्या शेजारी. बसा. – तुमाला न्हाय ओ म्हणलं पावणं, मागं दारात उभं हाईत त्यांना. जावा तुमी आता.