गिरजामावशींच्या नावापुढची खूण

हसणार नसाल तर सांगते. लोकसभेला पप्पा दौलताबादच्या एका बूथवर उमेदवाराचे एजंट म्हणून बसले होते. मत देऊन गेलेल्याच्या नावापुढं यादीत लाल पेनानं खूण करायची, हे त्यांचं काम. त्यांचा उमेदवार अगदी थोडक्यात पडला. फेरमोजणी मागायला काहीतरी पुरावा हवा होता. म्हणून निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी यादी वाचत होते आणि मेलेल्या कोणाच्या नावानं मत पडलंय का, ते पप्पा शोधत होते.

"गिरजाबाई," मी वाचलं. "खूण आहे."

"सापडली बघ," पप्पा म्हणाले. "गिरजामावशी दिवाळीतच गेल्या. मी सोता खांदा दिलाय. आता होऊ दे फेरमोजणी."

"पण पप्पा, खूण तर तुमचीच आहे. कोण आलं होतं?"

त्यांनी यादी माझ्या हातातून घेतली आणि त्या खुणेवरून बोट फिरवलं.

"हिरवं लुगडं होतं," ते हळूच म्हणाले. "लई दमल्या होत्या. मीच उठून खुर्ची दिली."

"आणि कोणी काही विचारलं नाही?"

"बूथवरच्या साहेबांनी विचारलं ना. बाई ओळखीच्या आहेत का म्हणून. मीच म्हणालो, व्हय, आमच्या मावशी."

फेरमोजणीच्या तक्रारीचा कागद अजून कपाटात आहे. त्यावर पप्पांनी सही केलेली नाही.