हळदीच्या थैलीवरचे बाण

वामनराव : नाही किशोर. ते एकामागे एक गोल फिरणारे तीन बाण माझ्या हातून पुन्हा उमटणार नाहीत.

किशोर : गुरुजी, गेल्या साली आमच्या तिखटाच्या थैलीवर तुमीच काढले ना? तेच हळदीवर पाहिजेत. अन् हिरवं पान जरा मोठं. संध्याकाळी छपाईले जाऊन राहिली थैली.

वामनराव : काढले, आणि अर्थ न विचारता काढले. शाळेत तुला अर्थावाचून एकही श्लोक म्हणू दिला नव्हता मी. सांग, काय अर्थ त्यांचा?

किशोर : थैली वितळवून पुन्हा कामात येते. पर्यावरणाचं आहे ते.

वामनराव : येते का? या इथे बसल्यात त्या माणिकबाई. आमच्या आळीतला कचरा वेचून भंगारात देतात. त्यांनाच विचार.

माणिकबाई : मले वाचता येत नाही भाऊ. पोरीनं सांगतलं, तीन बाण दिसले का माल इकते. म्या तुमच्या लाल थैल्या दोन महिने जमवल्या. झोपाले जागा नोयती घरात. भंगारवाल्यानं एक थैली कानापाशी चुरगाळून आवाज आयकला, अन् समदं पोतं रस्त्यावर उलटं केलं. म्हणे, आतून चांदी हाये, हे कोणी घेत नाही.

किशोर : त्या चमकीशिवाय वास टिकत नाही मावशी.

माणिकबाई : टिकवा ना वास! मंग बाण काहून काढता?

किशोर : सगळेच काढून राहिले.

माणिकबाई : सगळ्यायच्या थैल्या मीच उचलते. मले नका सांगू.

किशोर : बरं, बाण राहू द्या गुरुजी. पानानं कोणाचं काय बिघडते?

वामनराव : जी थैली मातीत कुजत नाही, तिच्यावर पान? ज्यांना अक्षर वाचता येत नाही, त्यांच्यासाठीच तर चिन्ह असतं. तिथे असत्य मला क्षम्य वाटत नाही. 'ही थैली कोणी परत घेत नाही' असं सांगणारं चिन्ह काढून देतो. छापाल?

किशोर : आपल्याच मालाची बदनामी आपणच? शेठ मले गेटवरूनच हाकलतीन. मी अमरावतीले जातो, तिथं घंट्याभरात काढून देतात. पण मंग आमच्या कारखान्याचं एकही काम तुमच्याकडे येणार नाही. शेठनं सांगूनच पाठवलं.

वामनराव : तर शेठजींना सांग, वामनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं.

(किशोर पाया पडून निघून जातो. वामनराव कागदावर चिन्ह रेखाटू लागतात.)

माणिकबाई : गेलं ना तुमचं काम, माह्यापायी?

वामनराव : तुमच्यामुळे नव्हे, मी काढलेल्या बाणांमुळे. इकडे या. हे नवं चिन्ह पाहा, काही उमगतं का?

माणिकबाई : हात हाये. पोलीस गाडी थांबवते, तसा.

वामनराव : नकार आहे तो.

माणिकबाई : आमी असा नाही दाखवत. माल नको असला का दोन्ही हात पाठीमागं घेतो. मंग समोरच्यानं कितीबी पुढं केला तरी घेत नाही.

वामनराव : हे मला सुचलंच नसतं.

माणिकबाई : पण गुरुजी, छापणार कोण हे?

वामनराव : ठाऊक नाही. तुम्ही जरा उजेडात उभ्या राहा. हात मागे घ्या.