शंभरातले बत्तीस

माननीय अध्यक्ष डॉक्टरीणबाई, व्यासपीठावरचे सगळे डॉक्टर आणि पाहुणे, समोर बसलेले माझ्यासारखे वाट पाहणारे लोक, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सर्वांच्या सिस्टर,

उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. माझं नाव पुकारलं तेव्हा मी खाली लॅबच्या खिडकीशी उभा होतो. माझ्या मुलीने आज सकाळी रक्त दिलंय. दुसऱ्या खेपेचं आयव्हीएफ. गर्भ राहिला की नाही, ते आज कळायचंय. खिडकी बंद. का बंद? तर लॅबवाले साहेब इथे दुसऱ्या रांगेत बसलेत. बसा साहेब, बसा. मी आपलं नुसतं सांगितलं.

पेशंटच्या नातेवाइकांपैकी कुणीतरी बोला म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी बसमध्ये कंडक्टर होतो, म्हणून आवाज मोठा, एवढंच माझं भांडवल. शिक्षण सातवीपर्यंत. मुलगी म्हणाली, "बाबा, बोला खुशाल, माझं सांगितलंत तरी चालेल. फक्त रडू नका." प्रयत्न करतो.

सिस्टरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. नाक्यावर एका दवाखान्याची मोठी पाटी आहे. यशाचा दर ऐंशी टक्के! मी मुलीला आणि जावईबापूंना म्हटलं, इथेच जायचं. पण ते मला इथे घेऊन आले. मी सिस्टरांना विचारलं, तुमचा दर काय? त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या वयाला, आमच्याकडे साधारण बत्तीस."

बत्तीस! अहो, पस्तीसला पास. बत्तीसवर तर मला सातवीत बसवला होता! मी तिथेच आवाज चढवला, नापास दवाखान्यात माझी मुलगी नाही ठेवायची. आमच्या सौभाग्यवती माझी बाही ओढत म्हणाल्या, "अहो, तिला मूल हवंय, मार्क नकोत."

सिस्टर रागावल्या का? छे. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"काका, काय करत होतात?"

"कंडक्टर."

"मग सांगा. पहिल्या थांब्यावर शंभर माणसं चढली. कुणाची बीजं नीट वाढली नाहीत, कुणाचा गर्भ तयार झाला नाही, ती वाटेत उतरली. गर्भ आत सोडेपर्यंत गाडीत राहिली चाळीस. त्यातली बत्तीस शेवटपर्यंत पोचली. शंभरातली किती पोचली?"

"बत्तीस."

"आणि कुणी त्या चाळिसातूनच मोजलं तर?"

मी बोटांवर मोजत बसलो. जावईबापू हळूच म्हणाले, "ऐंशी टक्के."

"अहो, असा हिशोब मी दिला असता तर चेकरने मला खाली उतरवला असता!" मी म्हटलं.

"आता शेवटचा थांबा कोणता, तेही विचारा," सिस्टर म्हणाल्या. "कुणी रक्ताचा रिपोर्ट आला की यश म्हणतो. आम्ही बाळ घरी गेलं की म्हणतो. आणि काही गाड्यांत फक्त तरुणांनाच चढू देतात. त्या वेळेवर पोचल्या तर नवल काय?"

मी विचारलं, मग तीनदा केलं की बत्तीस त्रिक शहाण्णव, म्हणजे नक्कीच? त्या हसल्या. "नाही हो काका. दर वेळी नवी गाडी, नवा प्रवास."

मंडळी, असं सरळ कोण सांगतं? गोड बोलून आशा लावणारे पुष्कळ भेटले. ह्या बाईंनी आधी खरं सांगितलं आणि मग धीर दिला.

पहिली खेप फुकट गेली तेव्हा माझी मुलगी खोलीचं दार लावून बसली. म्हणत होती, मी नापास झाले. मार्कांचं खूळ बहुतेक माझ्याकडूनच गेलं असावं. सिस्टर ड्यूटी संपवून घरी आल्या, दाराबाहेरूनच म्हणाल्या, "गाडी घाटात बंद पडली तर प्रवाशाला नापास करतात का गं?" आतून आवाज आला, "निदान कंडक्टरच्या मुलीला खिडकीची जागा तरी द्यायची!" आणि दार उघडलं. सौभाग्यवती रडल्या. मी नाही. बरं, मीही.

आज सिस्टर निवृत्त होताहेत. भाषणात म्हणतात तसं, पोकळी निर्माण होईल वगैरे. मला ते जमत नाही. मला एवढंच कळतं की उद्यापासून मी त्याच त्या शंका विचारायला आलो, तर स्टूल असेल आणि त्या नसतील.

मुलीने सकाळीच बजावलंय, "बाबा, हो आलं तर नाचू नका, अजून पुष्कळ वाट आहे. नाही आलं तर तोंड पाडू नका. दोन्ही वेळा मी पोटभर जेवणार आहे." ती बघा, जावईबापूंच्या शेजारी बसलीय, मला खुणेने आवरतं घ्या म्हणतेय.

आवरतो. बोलवलंत, ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. अडाणी माणूस आहे, कुठे जीभ घसरली असेल तर पोटात घाला. लॅबवाले साहेब, आता उठलात तरी चालेल. सिस्टर अजून तासभर ड्यूटीवर आहेत, आणि आम्हाला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. हो असो की नाही असो. तेवढं लवकर कळवा.