फक्त पाणी लावलेली गाय

माहा जन्म मोहगावचा, बाप लोकाईचे ढोरं राखे, म्हणून गोचीड मले अक्षराच्या आधी ओळखू आली. पुढं सौंसरच्या ढोराच्या दवाखान्यात मलमपट्टीले लागलो. यादी ठेवायची सवय पहिल्यापासून, कोणाचं ढोर, कधी आणलं, कशानं मेलं, सारं वहीत.

काय सांगू तुम्हाले, सन ऐंशीच्या पुढची गोष्ट. आमचे डॉक्टर साहेब निंबोळ्याईचा अन् सीताफळाच्या बियाईचा अर्क गोचिडावर पाहून राहिले होते. अर्क गाईच्या अंगाले लावायचा, मग रक्त पिऊन वाटाण्यासारख्या फुगलेल्या माद्या काढून काचेच्या नळीत ठेवायच्या, अन् अंडे घालतात का ते पाहायचं. बऱ्याच माद्या तशाच वाळून जात, एखादीनं घातले तर ते फुटत नसत. भिंग घेऊन मी मोजो.

साहेब म्हणे, चार गाईले अर्क लावू, एकीले फक्त पाणी, नाईतर फरक कसा समजन, लिही नावं. पाण्यासाठी मी सुभद्राबाईची कपिली लिहिली. काहून, तर तिचं घर माह्या वाटेवर, रोज पाहायले सोपं. एवढंच कारण.

सुभद्राबाई मजुरीची बाई, नवरा नाई, एकच गाय, तीही गाभण. सीताफळाच्या बिया कुटायले आम्ही तिलेच बोलावलं. कुटता कुटता म्हणे, भाऊ, माही माय याच बियाईनं उवा मारे, कपिलीले मी घरीच लावू का, लय गोचिडं झाले. मी म्हणलं, बाई, तुले डॉक्टर व्हायचं हाय का, सरकारी औषध चालू हाय, त्याच्यावर घरचं काही लावलं तर यादीतून नाव काटून टाकीन. ती हसली, म्हणे, नको काटू भाऊ. माह्या बादलीत नळाचं पाणी होतं.

महिन्यानं कपिली लाल मुतायले लागली. गोचिडाचा ताप. त्याची सुई दवाखान्याच्या कपाटात होती. साहेब म्हणे, तपासणीचे आठ दिवस राहिले, मधात सुई दिली तर सारं वाया. मी वहीत तारीख टाकली, लाल मूत लिहिलं. चौथ्या दिवशी गाय पोटातल्या वासरासकट गेली. साहेब म्हणे, गार व्हायच्या आत माद्या काढून आण.

गेलो. सुभद्राबाई गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी चिमट्यानं काढून राहिलो, तर तिनं स्वतः कान उचलून धरला, म्हणे, इथंही हायेत, भाऊ. तिले वाटलं, मी मेल्या गाईचीही सेवा करून राहिलो.

त्या माद्याईनं भरभरून अंडे घातले, सारे फुटले. फरक चोख निघाला. साहेबाची बदली मोठ्या जागी झाली.

आता मी पेन्शनीत हावो. सुभद्राबाई पांढुर्ण्याले लेकीकडं राहते, बाजारात भेटली का लेकीले सांगते, या भाऊनं कपिलीसाठी लय केलं, देव याले सुखी ठेवो. मी तब्येत विचारतो अन् निघतो. तुम्ही लिहून राहिले तर लिहा. तिले वाचता येत नाई. नात शाळेत जाते, तिनं वाचून दाखवलं तर दाखवलं.