उभा राहिलेला कौल

नाव लाय चिन-फू. वय चोपन्न वर्षे. धंदा टर्की-भाताचे (भातावर टर्की पक्ष्याचे मांस) दुकान. राहणार भूमिदेवाच्या देवळाची गल्ली, पूर्व भाग, च्याई शहर, तैवान.

मी स्वतः पोलीस चौकीत साहेबांसमोर हजर राहून, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाखाली नसताना (माझी पत्नी श्यू-ल्येन शेजारच्या खुर्चीवर बसली आहे) सांगतो की, वर लिहिलेल्या पत्त्यावर आम्ही दोघे राहतो आणि गल्लीच्या तोंडाशी आमचे दुकान आहे. भात मी वाढतो, कांदा ती तळते. आमच्याविरुद्ध आजवर कोणाची तक्रार नाही. भात कमी वाढतो अशी एक होती, ती गल्लीतल्याच ल्याओ मावशींची. आजची तक्रारही त्यांनीच दिली आहे.

मला एक मोटारसायकल घ्यायची आहे, किंवा घ्यायची की नाही हे ठरवायचे आहे. गाडी एक हजार सीसीची, शर्यतीच्या घाटणीची, काळ्या रंगाची आहे. बाजारातून येताना एका दुकानाच्या काचेतून ती मला दिसली, आणि मी हातातली कोथिंबीर तिथेच विसरून घरी आलो. मोठ्या गाडीचे लायसन्स मी रीतसर काढले आहे. गाडी शहरातच चालवायची आहे, म्हणजे घरातून दुकानात आणि दुकानातून घरी. वाटेत एक सिग्नल लागतो, तो बाजाराला जायचे असेल तरच.

ही गाडी विकणारा डिंग नावाचा गृहस्थ आहे. त्याने मला खरे तेच सांगितले. तो म्हणाला, "शेठ, या गाडीच्या पहिल्याच गिअरमध्ये शहराची वेगमर्यादा मोडते. बाकीचे पाच गिअर नुसते शोभेचे." मी विचारले, मग माणूस ती घेतो कशाला? त्यावर तो म्हणाला, "ताकद वापरायची नसते हो. आपल्याकडे आहे, एवढं माहीत असायचं असतं." तीस वर्षे मी एका हातात डबे धरून स्कूटर चालवली आहे. हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले, ते मी नाकारत नाही.

पत्नीला मी गाडीविषयी जेवताना सांगितले. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिने माझ्या ताटात मुळ्याची फोड वाढली आणि म्हणाली, "देवाला विचारा." साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की तिचा धाकटा भाऊ आ-ह्वेई आमच्याच दुकानात कामाला होता. तो आमच्या लहान स्कूटरवरून बर्फ आणायला गेला होता आणि गल्लीच्या तोंडाशी एका उभ्या मोटारीचे दार उघडले. त्या दिवसापासून माझी पत्नी कोणत्याही दुचाकीवर बसलेली नाही. बर्फ ती पायी जाऊन आणते. दुकानात पोहोचेपर्यंत त्याचे अर्धे पाणी झालेले असते. आम्ही त्याविषयी बोलत नाही.

आज दुपारी दुकान आवरल्यावर मी भूमिदेवाच्या देवळात कौल लावायला गेलो. पत्नी कांद्याची टोपली घेऊन मागोमाग आली आणि दाराशी स्टुलावर सोलत बसली. देवळाचे पुजारी वेंगकाका तिथे हजर होते. आमच्याकडे कौल कसा लावतात ते साहेबांना माहीत आहे, तरी तक्रारीत ल्याओ मावशींनी तो उलटा लिहिला असल्यामुळे सांगतो. बांबूच्या मुळाचे चंद्रकोरीसारखे दोन तुकडे जमिनीवर टाकायचे. एक चपटा आणि एक फुगीर वर आला तर होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. दोन्ही चपटे वर आले तर देव हसला. मोठ्या गोष्टीला होकार लागोपाठ तीन वेळा लागतो. त्याआधी देवाला आपले नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगावा लागतो, जसा आत्ता मी साहेबांना सांगितला.

मी विचारले, "देवा, गाडी घेऊ का, आणि घेतली तर काळी घेऊ की लाल?" देव हसला.

वेंगकाका म्हणाले, "अरे चिन-फू, एका वेळी एक विचारावं. देवाला काय कापडाच्या दुकानात बसवलंय का?"

मग मी एकेक विचारले. गाडी मी सावकाश चालवीन, घेऊ का? देव हसला. फक्त धंद्याच्या कामाला वापरीन, घेऊ का? देव हसला, आणि दाराशी पत्नीही हसली असे मला वाटले, पण कांद्यामुळे तिचे डोळे पुसणे चालू होते, तेव्हा खात्रीने सांगता येत नाही. शेवटी मी विचारले, मग नको घेऊ का? तरीही देव हसला.

वेंगकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "देव हसतो तेव्हा प्रश्न चुकलेला असतो. शिवाय तू माणूस चुकीचा गाठलास. हा भूमिदेव. याची हद्द गल्लीपुरती. ती गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पडायच्या आत याची हद्द संपते. पुढचं त्याला कसं माहीत असणार?"

मी म्हणालो, "मग कोणाला विचारू?"

ते म्हणाले, "बाहेरच्या रस्त्याचा देव वेगळा आहे. पण तो फार कडक आहे, तुला झेपायचा नाही."

मी चिडलो. इतक्या वेळा हसे झाल्यावर कोणीही चिडेल. मी तुकडे उचलले, काहीही न विचारता टाकले, आणि त्यातला एक तुकडा जमिनीवर उभा राहिला. आडवा नाही, तिरपा नाही, काठावर सरळ उभा. दुसरा फुगीर वर पडला होता. म्हणजे उभा राहिलेला तुकडा ज्या बाजूला पडेल, त्यावर होकार की नकार हे ठरणार होते.

वेंगकाका चाळीस वर्षे देवळात आहेत. त्यांनी असे एकदाच पाहिले होते, तेही दुसऱ्या देवळात, आणि दुसऱ्याने सांगितलेले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "कोणी शिंकू नका." पत्नीने कांद्याची टोपली रिकामी केली, ती त्या तुकड्यावर पालथी घातली आणि पुन्हा सोलायला बसली. आता ती कांदे मांडीवर ठेवून सोलत होती.

ही बातमी गल्लीत कोणी नेली ते मला माहीत नाही. ल्याओ मावशी सर्वांत आधी आल्या, एवढे मी पाहिले. पाठोपाठ शेजारच्या गल्लीतले लोक आले, मग ओळख नसलेले आले. काहींनी टोपलीला नमस्कार केला. काहींनी टोपलीच्या विणीतल्या काड्या मोजल्या आणि त्या आकड्यावर लॉटरी घ्यायला गेले. गल्लीत मोटारी अडकल्या. टोपलीत काय आहे असे एका बाईंनी मला विचारले. माझी मोटारसायकल आहे असे मी म्हणालो. हे मी थट्टेने म्हटले होते, पण त्यांनी ते पुढे सांगितले, आणि देवाने टोपलीतून गाडी काढली असे बाजारापर्यंत पसरले. त्यात माझा काही हात नाही.

देवाच्या मनात काय आहे हे वेंगकाकांनी दुसऱ्या जोडीने विचारायला घेतले. देवाला देवळासमोर नाटक हवे आहे का? नकार. नवे छप्पर हवे आहे का? देव हसला. वेंगकाकांना छप्पर फार दिवसांपासून हवे आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

यावर ल्याओ मावशी बोलल्या, "मी सांगते देवाला काय म्हणायचंय. तो म्हणतोय, असली गाडी गल्लीत नको. ती लावायला मोटारीची जागा लागते. कायदाच आहे तसा. आणि मोटारीची जागा आहे माझ्या दारासमोर एकच."

मी म्हणालो, "मावशी, ती जागा सरकारी आहे."

त्या म्हणाल्या, "सरकारी असेल. कुंड्या माझ्या आहेत."

एवढ्यात डिंग आला. त्याला मी बोलावले नव्हते. टोपलीची बातमी ऐकून तो नमुन्याची तीच काळी गाडी घेऊन आला होता. तो देवळाच्या पायरीशी थांबला आणि वेंगकाकांना म्हणाला, "काका, देवाने गाडी बघितलेलीच नाही. न बघता तो सांगणार कसा? स्थळ बघायला गेल्यावर मुलगी नको का दाखवायला?" जमलेल्या लोकांना हे पटले. खरे सांगायचे तर मलाही पटले. वेंगकाका म्हणाले, "दाखव, पण लांबून." डिंगने गाडी दाखवली. मग म्हणाला, देवाने आवाजही ऐकायला हवा. असे म्हणून त्याने गाडी सुरू केली.

त्या आवाजाविषयी मी काही वाढवून सांगत नाही. देवळाचे पत्र्याचे छप्पर थरथरले. अडकलेल्या मोटारींचे भोंगे आपोआप वाजू लागले. ल्याओ मावशींची एक कुंडी फुटली. ती आधीपासून तडकलेली होती असे माझे म्हणणे आहे. आणि टोपलीच्या आत टक्‌ असा आवाज झाला.

डिंगने गाडी बंद केली. मग सगळे एकदम बोलू लागले. डिंग म्हणाला, देवाने उत्तर दिले. ल्याओ मावशी म्हणाल्या, देवाने नाही दिले, तू पाडलेस, आणि हा देवाचा अपमान आहे, मी चौकीत जाते. वेंगकाका म्हणाले, टोपली उचलेपर्यंत कोणाचेच खरे नाही. टोपली उचलायला मात्र कोणी पुढे होईना. मीही झालो नाही. मला भीती वाटत होती. होकार निघेल याची वाटत होती की नकार निघेल याची, हे मला सांगता येणार नाही.

तेव्हा माझी पत्नी उठली. मांडीवरचे कांदे तिने माझ्या हातात दिले, टोपली उचलली आणि खाली काय पडले आहे ते कोणाला दिसायच्या आत दोन्ही तुकडे उचलून घेतले. ल्याओ मावशींची तक्रार याबद्दल आहे. त्या म्हणतात तसे तिने तुकडे पायाने उडवलेले नाहीत. तिने ते पदराने पुसावेत तसे एप्रनला पुसले, एवढे खरे.

वेंगकाका म्हणाले, "अगं सूनबाई, काय केलंस हे? काय पडलं होतं?"

ती म्हणाली, "त्यांचा प्रश्न चुकला होता ना? मग उत्तर बघून काय करायचं? आता मी विचारते."

तिने नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगितला. पुढचे ती पुटपुटली. तिने तुकडे टाकले, होकार आला. पुन्हा टाकले, होकार. तिने तिसऱ्यांदा टाकले तेव्हा मी कांदे धरून अगदी जवळ उभा होतो. तिसऱ्यांदाही होकार आला. लोकांनी विचारले, काय विचारलेस? तिने सांगितले नाही. मी विचारले, मलाही सांगितले नाही. तेवढ्यात शिट्टी वाजवत साहेब आले आणि आम्हाला इथे घेऊन आले.

साहेबांनी मला विचारले की या सगळ्यात मी बायकोला एकदा तरी सरळ विचारले होते का, तुला काय वाटते म्हणून. नाही. देवाला मी चार प्रकारांनी विचारले. तिला विचारले नाही. तिने नको म्हटले असते तर मी गाडी घेतली नसती, आणि मनात असले तरी ती तोंडाने नको म्हणणार नाही हे मला ठाऊक होते, म्हणून विचारले नाही.

मग साहेबांनी तिला विचारले. साहेब आमच्याकडे जेवायला येतात, म्हणून तिला वहिनी म्हणतात. ते म्हणाले, "वहिनी, जबाबात लिहावं लागेल. देवाला काय विचारलंत?"

ती म्हणाली, "मी मागे बसू का, एवढंच विचारलं."

साहेबांनी लिहिणे थांबवले. मी म्हणालो, अगं, त्या गाडीला मागची सीट म्हणून साबणाच्या वडीएवढी जागा आहे. तू त्यावर मावायची नाहीस.

ती साहेबांकडे बघूनच बोलली, "मावेन की नाही ते मी बघून घेईन. आ-ह्वेई गेला तेव्हा मी कांदा तळत होते. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला आणि म्हटलं, कोणाचं तरी काहीतरी झालं. तसा भोंगा दुकानात बसून मला परत ऐकायचा नाही. हे जातील तिथे मी मागे. पडलो तर दोघं पडू." मग ती म्हणाली, "आणि मी मागे बसले की हे दुसरा गिअर टाकणार नाहीत. म्हणजे देवाची हद्दही पुरते."

साहेबांनी पाणी दिले ते मी प्यालो.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. ल्याओ मावशींची कुंडी मी भरून देईन. लोकांचा खोळंबा झाला त्याबद्दल दिलगीर आहे. गाडी घ्यायची की नाही हे अजून ठरलेले नाही. उद्या सकाळी आम्ही दोघे हेल्मेट बघायला जाणार आहोत. चालत जाणार आहोत.

वरील मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. देव जिथे जिथे हसला तिथे साहेबही हसले, त्यामुळे दोन वेळा वाचावा लागला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे आणि बरोबर आहे. खाली माझी सही. पत्नीच्या सहीची कायद्याने गरज नव्हती आणि रकान्यात तेवढी जागाही नव्हती. तरी तिने माझ्या नावाच्या मागे, दाटीवाटीने, ती केली आहे.