नसीरचा येरेवानचा चौक

येरेवानच्या त्या मोठ्या चौकाबद्दल काहीही विचारा, आमच्या अख्ख्या अल मुंतझा वस्तीत माझ्याएवढं कुणाला ठाऊक नाही. आता मी तिथं कधी गेलेलो नाही, ती गोष्ट वेगळी.

ईदच्या सुट्टीत जाऊन आला तो आमच्या खालच्या मजल्यावरचा नसीर. तेव्हापासून आमच्याकडे चहाला बसला की चौकच! गुलाबी दगडाच्या इमारती काय, गाण्यावर नाचणारी कारंजी काय. आमची बायको बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवत ऐकते. माझं बोलणं चाळीस वर्षांत तिनं असं कधी ऐकलं नाही. जळून खाक झालो. म्हटलं, आज याला खलास करतो.

"मी गेल्या वर्षीच जाऊन आलोय," मी म्हणालो. "ही गावाला दापोलीला होती तेव्हा. घड्याळासमोर लाल छत्रीखाली एक म्हातारी जर्दाळू विकते, बरोबर?"

बायकोनं डोळे मोठे केले आणि बशी उचलून माझ्यापुढे ठेवली.

नसीर गालात हसला. "चाचा, चौकाचे सव्वीस फोटो टाकले मी स्टेटसला. माझ्या बायकोनंही सगळे बघितले नाहीत. तुमचं नाव मात्र प्रत्येकाखाली आहे. त्या म्हातारीच्यासुद्धा."