किल्ली खिशात असताना

समारंभाचे अध्यक्ष माननीय अनंतराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती राणोजीराव, त्यांच्या पत्नी तुळसीबाई आणि चेन्नईच्या एवढ्या उन्हात एग्मोरपर्यंत आलेल्या बंधुभगिनींनो,

राणोजीरावांच्या निवृत्तीनिमित्त मी बोलावं, असं आपल्या मराठी मंडळानं सुचवलं. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात मी त्यांचा साहेब होतो ना! मघाशी शाल त्यांनी डाव्या हातानं घेतली, ते आपण पाहिलंत. का, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

आमच्या दुरुस्ती विभागात राणोजीरावांनीच एक रिवाज पाडला होता. बॉनेटखाली हात घालणाऱ्यानं गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. जुन्या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन थांबलं की पंखाही थांबायचा.

२००३च्या मे महिन्यात नवं मॉडेल आलं. त्याचा पंखा विजेवरचा, थेट बॅटरीला जोडलेला. इंजिन बंद केलं की आतलं पाणी फिरायचं थांबतं, पण लोखंडाची धग कुठे जाणार? पाणी आणखी तापतं, रेडिएटरजवळचा स्विच लागतो आणि बंद गाडीत पंखा आपोआप सुरू होतो. म्हणून आधी बॅटरीची वायर काढायची. तशी इंग्रजी सूचना माझ्याकडे आली होती. तमिळमध्ये करून भिंतीवर लावायची, एवढंच काम. आज लावू, उद्या लावू करत मी नऊ दिवस घालवले.

दहाव्या दिवशी त्या पंख्यात राणोजीरावांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी धावत पोचलो तेव्हा ते डाव्या हातानं खिसा चाचपत होते. म्हणाले, “किल्ली मजपाशीच आहे, सार. मग हा कसा फिरला?”

चिटणीस मघापासून घड्याळ दाखवताहेत, मला दोनच मिनिटं द्या. चौकशीत विचारलं, सूचना दिली होती का? मी म्हणालो, तोंडी दिली होती. अहवालात आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष सांगणारा हा माणूस पुढची पाच वर्षं फाटकावर नोंदवही धरून बसला. आणि दर पोंगलच्या सणाला त्यांच्याकडून माझ्या घरी गोड पोंगलाचा डबा येत राहिला. त्यातला एक घासही मी कधी खाल्ला नाही.

राणोजीराव, सूचना मी दिलीच नव्हती. कागद माझ्या खणात होता. काल कंपनीला तसं लेखी कळवलं आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पाच वर्षं लागली.

मंडळानं बोलू दिलं, आभारी आहे. आजच्या बोलण्यात काही चुकलं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या दिवशी जे चुकलं, ते घालू नये.